‘रात्रीच करून ठेवा’ यांस अनावृत पत्र

रा. रा. ‘रात्रीच करून ठेवा’ यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी डोंबिवली पूर्वेतल्या एका दोन खोल्यांच्या घरात अंधार झाला. वीज गेली नव्हती. बाथरूममध्ये तीन किलोवॉटचा गीझर आणि ओट्यावर दीड किलोवॉटचा ओव्हन एकदम चालू होते, त्यामुळे एमसीबी पडला. मोबाइलच्या उजेडात गृहिणीने ओव्हनचं दार उघडलं. आपल्या सल्ल्याप्रमाणे रात्रीच भिजवून ठेवलेला न्याहारीचा पाव वरून तांबूस झाला होता आणि मध्ये लिबलिबीत. पावणेसहाच्या लोकलवाले यजमान दोन ग्लुकोज बिस्किटं तोंडात टाकून जिना उतरले.

आपली कृती थोरच! पावाचे तुकडे अंडी-दुधात भिजवा, चीज पेरा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी ‘नुसतं’ ओव्हनमध्ये सरकवा. आपण सुचवता ते ९ बाय १३ इंचांचं भांडं इथल्या ओव्हनमध्ये मावत नाही, ते सोडा. गुरुवारी सासूबाईंना अंडं चालत नाही, तेही सोडा.

पण त्या ‘नुसतं’चा हिशेब झालाच पाहिजे. गार काचेचं भांडं थेट गरम ओव्हनमध्ये घातलं तर तडकू शकतं, म्हणून ते अर्धा तास आधी बाहेर काढायचं. ओव्हन तापायला दहा मिनिटं. मग १८० अंशांवर पाऊण ते एक तास. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी चौतीस किलोमीटर कापून ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली होती; तेवढ्या वेळात आपला पाव जेमतेम फुगतो. साडेपाचला ताटलीत हवा असेल तर बाईने चारच्या आत उठायचं. कांदेपोहे पंधरा मिनिटांत होतात, आणि त्यांना ‘आदल्या रात्री’ वगैरे काही लागत नाही.

वर आपण म्हणता, सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून निवांत खा. कुठे बसून? या घरातून पावणेसहाला एक जण सीएसएमटीला जातो, साडेसहाला मुलगी ठाण्याला कॉलेजला, आणि सासूबाई पूजा आटोपून आठला खातात. इथे न्याहारी टेबलावर ठरत नाही, इंडिकेटरवर ठरते. ठरलेली लोकल चुकली की पुढच्या गाडीत आत शिरता येत नाही, दारातच लटकावं लागतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ असंच दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यांतली काही मेली. कामावर निघालेली माणसं होती ती! त्या मार्गावरच्या बाईला आपण ‘सोनेरी रंग येईपर्यंत थांबा’ सांगता?

भाजून ठेवायच्या पदार्थांची आम्हाला ओळख नाही, असंही नाही. ठाण्यातल्या सीकेपी घरांत भानोलं होतं. आणि याच गृहिणीच्या आजोळी, कोकणात, धोंडस व्हायचं: तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, जाड टोप चुलीवर, झाकणावर निखारे. रात्री विस्तव विझला की टोप तिथेच. सकाळी सुरीने वड्या पाडायच्या, हळदीच्या पानाचा वास नाकाशी घेत. गार झालेलं धोंडस उलट जास्त चांगलं लागतं. डब्यात चार वड्या टाकल्या तर फास्ट लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने खाता येतात. याला म्हणतात रात्रीच करून ठेवणं. आपण रात्री फक्त पाव चिरून घेता.

तरीही, खरं सांगायचं तर, बाईचा आपल्यावरचा राग त्याच दुपारी थोडा उतरला. ही कृती पहिल्यांदा जिला सुचली, तीही काळोखात उठून कंटाळली असणार. तिच्याही घरी कुणीतरी पांघरुणातूनच ‘आज नाश्त्याला काय?’ विचारत असणार. सकाळचा अर्धा तास वाचावा म्हणून तिने रात्रीचा दिला, आणि तिला ना हा मिळाला ना तो.

मंगळवारच्या त्या लगद्याचं पुढे काय झालं, हे आपल्याला कळायला हवं. साडेसातला तो कढईत गेला. हिरवी मिरची, कांदा, हळद घालून भुर्जी झाली. घर शांत झाल्यावर गृहिणीने ती चहाबरोबर, चक्क खुर्चीवर बसून खाल्ली. बरी लागली.

भांड्याच्या कडांना चिकटलेलं चीज मात्र काथ्यानेही निघेना. ते रात्रीच भिजत घालून ठेवलं आहे.

कळावे, लोभ नसावा.
आपली,
एक डोंबिवलीकर