पाकिटावर इंग्लंड लिहू नये

एडिंबरा, स्कॉटलंड

ती. आई-बाबांना आणि डोंबिवली, कल्याण, ठाणे इथल्या समस्त नातेवाइकांना सा. न. वि. वि.

आम्ही इथे खुशाल आहोत. पण ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे, याबद्दल तुमच्यात एकवाक्यता नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. डोंबिवलीच्या घरी आम्ही ‘इंग्लंडला’ असतो, कल्याणच्या काकांकडे ‘यूकेला’, ठाण्याच्या मावशीकडे ‘लंडनला’ आणि आजीच्या लेखी ‘विलायतेत’. यातली आजीची विलायत बिनचूक, कारण तिला सीमाच नाहीत. काकांचं यूकेही बरोबर. उरलेली दोन्ही चूक. लंडन इथून आगगाडीने सहाशे किलोमीटरहून लांब आहे, आणि इंग्लंडची हद्द इथे पोचायच्या बरीच आधी संपते. हिशेब थोडक्यात असा: ग्रेट ब्रिटन हे बेट, त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असे तीन घटक, शेजारच्या आयर्लंड बेटाचा ईशान्य कोपरा म्हणजे उत्तर आयर्लंड, हा चौथा. चौघांचं मिळून युनायटेड किंगडम. इतर कोणी यात गोंधळला तर क्षम्य आहे. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाने गोंधळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे, कारण याचं शिक्षण त्याला घरबसल्या मिळालेलं असतं.

आपल्याकडे ठाणे शहर आहे, ठाणे तालुका आहे आणि ठाणे जिल्हाही आहे. डोंबिवलीकर ठाणे जिल्ह्यात राहतो पण ठाण्यात राहत नाही. कल्याण तालुक्यात राहतो पण त्याला कल्याणकर म्हटलेलं चालत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावात दोघांच्या मध्ये जी आडवी रेघ आहे, ती ‘ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड’ यातल्या ‘आणि’इतकीच नाजूक आहे. कल्याण लोकसभा मतदारसंघात कळवा-मुंब्रा येतं, उल्हासनगर येतं, अंबरनाथ येतं, अख्खी डोंबिवली येते. कल्याण पश्चिम मात्र भिवंडी मतदारसंघात. म्हणजे दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा माणूस कल्याणचा खासदार निवडू शकत नाही. हे ज्याने निमूटपणे स्वीकारलं, त्याला आयर्लंड बेटाचं सर्वांत उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, हे उत्तर आयर्लंडमध्ये नसून आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहे, याचं नवल वाटायचं कारण नाही. नवी मुंबईचा विमानतळ तरी कुठे नवी मुंबईत आहे? तो रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. आणि नवी मुंबई शहर स्वतः ठाणे जिल्ह्यात.

तुम्ही म्हणाल, आपल्या वाडवडिलांनी यांना ‘इंग्रज’च म्हटलं, ते काय अडाणी होते? मुळीच नाही. ते ज्या वेळी बोलले त्या वेळी बरोबरच बोलले. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडन हा खरोखर इंग्रजच होता, त्याची कंपनीही इंग्रजांची होती. १६०३ पासून इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा एक झालेला असला तरी राज्यं दोन होती, संसदाही दोन. त्या एक झाल्या १ मे १७०७ रोजी आणि तेव्हापासून ग्रेट ब्रिटन नावाचं राज्य सुरू झालं. आयर्लंड १८०१ मध्ये जोडलं गेलं, त्यातलं बरंचसं १९२२ मध्ये बाहेर पडलं. एवढी उलथापालथ झाली, तरी मराठीने शब्द बदलला नाही. म्हणून २३ सप्टेंबर १८०३ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांना कोणी हरवलं, तर शाळेच्या पुस्तकात ‘इंग्रजांनी’. प्रत्यक्षात सेनापती आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला, आघाडीवर ७४वी आणि ७८वी या स्कॉटिश हायलँडर पलटणी, आणि उरलेल्यांत बहुतेक मद्रासकडचे शिपाई. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, त्याच्यामागून आलेला जॉन माल्कम स्कॉटिश, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. आपण इंग्रजांच्या नावाने जे दीडशे वर्षं बोटं मोडली, त्यातली निदान काही बोटं या उत्तरेकडच्या मंडळींच्या नावाने मोडायला हवी होती. इथले लोक या बाबतीत ती चूक दुरुस्त करायला फारसे उत्सुक दिसत नाहीत, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या देशातली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं इंग्लंडमध्ये राहतात. स्कॉटलंडची वस्ती जेमतेम ५५ लाख. २०११च्या जनगणनेत आपल्या तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची याच्या दुप्पट, एक कोटी दहा लाख होती. मग मोठ्याचं नाव सगळ्यांना पडणारच, त्यात रागवायचं काय? शिवाय हा घोळ त्यांनीच घातलेला आहे. साऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचं नाव बँक ऑफ इंग्लंड, आणि तिची कल्पना मांडणारा विल्यम पॅटर्सन स्कॉटिश. क्रिकेटमध्ये तर विचारूच नका. बाबांना आठवत असेल, १९७२-७३ला भारतात आलेल्या ‘इंग्लंड’च्या संघाचा कप्तान टोनी लुईस वेल्सचा होता. १९७४ साली लॉर्ड्सवर वाडेकरांच्या संघाला ४२ धावांत गुंडाळणाऱ्या ‘इंग्लंड’चा कप्तान माइक डेनेस स्कॉटलंडमध्ये जन्मलेला. २०१९चा विश्वचषक ‘इंग्लंड’ला मिळवून देणारा ऑयन मॉर्गन तर डब्लिनचा. आता डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे रणजी ‘मुंबई’कडूनच खेळला ना, मग तक्रार कसली?

तक्रार एवढीच, की घेतलेलं नाव आणि लादलेलं नाव यांत फरक असतो. डोंबिवलीकर दिल्लीत ‘मी मुंबईचा’ म्हणतो, कारण समोरच्याला भूगोल शिकवण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. हयात लोकल पकडण्यात गेलेली असते. पण दादरला कोणी त्याला मुंबईकर म्हटलं तर तो स्वतःच दुरुस्ती करतो, आणि डोंबिवलीत उतरल्यावर पूर्व की पश्चिम एवढाच प्रश्न उरतो. जितकं अंतर जास्त तितकं नाव ढोबळ, हा आपला अलिखित नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. स्कॉटिश माणूसही लांब गेला की ढोबळ नाव सांगतो, पण ते ‘ब्रिटन’ किंवा ‘यूके’ असतं. ‘इंग्लंड’ तो कधीही सांगणार नाही. आणि ठाणेकरांनी तर मुळीच हसू नये. श्रीस्थानक या नावाने ठाणं शिलाहारांच्या राज्यात गाजत होतं तेव्हा मुंबईला कोण विचारत होतं? १९२०मध्ये मुंबई उपनगर जिल्हा ठाणे जिल्ह्यातून कापून काढला. आता त्याच ठाण्याला लोक मुंबईचं उपनगर म्हणतात. स्कॉटलंडचं दुखणं ठाण्याच्या गावदेवीला जितकं कळेल तितकं कोणाला कळणार!

कोणी म्हणेल, स्कॉटलंडला राजा होता, डोंबिवलीला कधी होता? नव्हता, मान्य. पण १९९९ साली स्कॉटलंडची स्वतंत्र संसद जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा भरली, आणि त्याच वर्षी डोंबिवलीने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. आपण वेगळे आहोत हे सांगायची प्रत्येकाची पद्धत असते. दुसरीचं अनुकरण गिरगावापासून सगळ्यांनी केलं, हे डोंबिवलीच्या बाजूने मांडून ठेवतो.

राहता राहिला व्यवहार. ‘नावात काय आहे’ असं कल्याणच्या काकांना वाटत असेल, तर त्यांनी धाकट्याच्या शिक्षणाचा हिशेब करून पाहावा. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची. परदेशी विद्यार्थ्याची त्या जादा एका वर्षाची फी म्हणजे कल्याणातल्या कुटुंबाचा बराच मोठा ऐवज. शाळेच्या परीक्षा वेगळ्या, कायदा वेगळा, न्यायालयं वेगळी. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३पासून लग्नाला अठरा वर्षं पूर्ण लागतात, इथे अजून सोळा पुरतात. (मावशी, हे फक्त माहितीसाठी.) २ जानेवारीला इथे सुटी असते, लंडनला नसते, तेव्हा त्या दिवशी फोन करून ‘ऑफिसात आहेस का’ विचारू नये.

तेव्हा पाकिटावर एडिंबरा, खाली स्कॉटलंड, त्याखाली युनायटेड किंगडम असं लिहावं. आम्हीही तुमच्या पत्त्यात ‘मुंबई’ न घालता डोंबिवली (पूर्व), जिल्हा ठाणे एवढंच लिहितो आणि पत्र मिळतं. इंग्लंड लिहिलंत तरी तुमचंही पोचेल, टपाल खातं इथलंही समंजस आहे. पण आमच्या दारात ते आणून टाकणारा पोस्टमन स्कॉटिश आहे, आणि पत्ता तो वाचतो.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
एडिंबऱ्याचे डोंबिवलीकर