हिरव्या दिव्याखाली अंधार

सर्व्हर मंदावला की आरोपी ठरलेलेच असतात: आधी प्रोग्रॅमर, मग नेटवर्कवाला, मग डेटाबेस. डिस्कच्या रॅककडे कुणी बोट दाखवत नाही, कारण तिथे सगळे दिवे हिरवेगार. डिस्कची ‘स्मार्ट’ तपासणीही ‘पास’ म्हणते. पूर्वीच्या आठवीपर्यंतच्या शाळेसारखी तीही सहसा कुणाला नापास करत नाही. आत मात्र एखादी डिस्क एकच सेक्टर पुन्हापुन्हा वाचत बसलेली असते आणि ‘रेड ५’ संचातल्या बाकीच्या डिस्क तिच्यासाठी ताटकळत असतात. मेली असती तर पॅरिटीवर काम भागलं असतं. पण ती धड मरतही नाही. नाहीतर कंट्रोलरची बॅटरी गेलेली असते. मग तो कॅशचा भरवसा सोडून प्रत्येक अक्षर थेट डिस्कवर लिहू लागतो, आणि त्याची प्रामाणिक नोंद करतो कुणीही न उघडणाऱ्या लॉगमध्ये.

२००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या रॅकवर चक्क ओरडून दाखवलं: कंपनांनी डिस्कचा प्रतिसाद खरोखरच लांबला, आलेखावर सुळके उठले. हा प्रयोग आमच्या मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलेला दिसत नाही. सिस्टीम स्लो झाली की ते सर्व्हर रूममध्येच येऊन ओरडतात.