डोंगर सरकवणारी वही

जुनी पगारपत्रकं वाचायला मला आवडतात. कादंबरीकार माणसाच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, कारकून तो किती दिवस कामावर आला एवढंच. कारकुनावर माझा विश्वास जरा लवकर बसतो.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात सेंट्रल पॅसिफिक कंपनीची 1860च्या दशकातली पगारपत्रकं जपून ठेवली आहेत. या कंपनीने सिएरा नेवाडाचा कातळ फोडून पूर्वेकडे रूळ नेले. फोडणारे बहुतेक चिनी. जानेवारी 1864च्या पत्रकात हंग वा आणि आ टॉय ही नावं भेटतात. मागची माणसं आकड्यांत. पुढेही बहुधा हीच रीत: मुकादमाचं नाव, टोळीचे दिवस, दर, रक्कम. सोन्याची नाणी मुकादमाच्या हाती द्यायची, त्याने पुढे वाटायची. हजारो माणसं अशी दुसऱ्याच्या नावाच्या पोटात गडप झाली. इंजिनांचं मात्र रीतसर बारसं होई: ज्युपिटर, गव्हर्नर स्टॅनफर्ड, सी. पी. हंटिंग्टन. शेवटची दोन तर मालकांचीच नावं!

पगार सुरुवातीला महिना 26 डॉलर, पुढे तिशीच्या वर. गोऱ्या मजुराला पगारावर जेवणखाण, चिन्याने मात्र पदरचं खायचं. तांदूळ, सुकी मासळी आणि दिवसभर चहा. पाणी उकळलेलं असल्यामुळे पोटं ठीक राहत. कंपनीचे अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्ड यांनी 1865 मध्ये राष्ट्राध्यक्षांना लिहून कळवलं होतं, की हे मजूर शांत, कष्टाळू आणि काटकसरी आहेत. जून 1867 मध्ये या शांत मंडळींनी 40 डॉलर आणि बोगद्यात 8 तासांचं काम मागून हत्यारं खाली ठेवली. बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकरने शिधा रोखला आणि आठवडाभरात संप मोडला. काटकसरीलाही काहीतरी शिल्लक लागतं.

28 एप्रिल 1869ला एका दिवसात 10 मैलांहून जास्त रूळ टाकले गेले. लोखंड उचलणाऱ्या आठ आयरिश गड्यांची नावं तेवढी नोंदली गेली. त्या दिवशी राबलेल्या चिन्यांसाठी शाई पुरली नसावी.

मालकांच्या कामी मात्र हीच शाई भलती उदार. सरकार सपाटीवर मैलामागे 16 हजार डॉलरचे कर्जरोखे देई, डोंगरात 48 हजारांचे. तेव्हा डोंगर सुरू कुठे होतो? भूवैज्ञानिकाचा दाखला निघाला, लिंकननी मान्यता दिली आणि सिएराचा पायथा सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर आला, चांगल्या सपाट जमिनीत. सुरुंग न लावता डोंगर सरकवण्याचं श्रेय कागदालाच द्यायला हवं.

1867 मध्ये चार मालकांनी बांधकामासाठी एक वेगळी कंपनी काढली. ठेका देणारे तेच, घेणारेही तेच. 1887 मध्ये सरकारी आयोगाने तिच्या वह्या मागितल्या, तर त्या सापडेनात. चौघांपैकी खजिनदार मार्क हॉपकिन्स हिशेबाला मोठा काटेकोर म्हणून प्रसिद्ध. पण तो 1878 मध्येच वारला होता, आणि मेलेल्या खजिनदारावर समन्स बजावता येत नाही.