वर्तमानपत्रावर अविश्वास ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वर्तमानपत्रावर अविश्वास ठेवणे आपल्याला जमते, असा बहुतेकांचा गैरसमज असतो. रिक्षात, सलूनमध्ये किंवा लग्नाच्या पंगतीत “सगळे विकले गेलेत हो” म्हणून भात कालवायला घेणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो आळस. खरा अविश्वास कष्ट मागतो. इच्छुकांसाठी त्याची रीतसर पद्धत खाली देत आहोत.

साहित्य: एकाच दिवसाची दोन दैनिके (एकमेकांची स्पर्धक असल्यास उत्तम), तांबडी पेन्सिल, चष्मा, आणि शेजाऱ्याचा पेपर मागता येईल इतपत शेजारधर्म. टीव्ही बंद असावा.

पायरी पहिली. बातमीतला कर्ता शोधा. मराठी बातमीत खळबळ आपोआप उडते, चर्चेला उधाण येते, अनेकांच्या भुवया उंचावतात. त्या कोणाच्या आणि मोजल्या कोणी, हे बातमी सांगत नाही. अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. ‘राजकीय वर्तुळात’ म्हणजे पुष्कळदा वार्ताहर आणि त्याला फोन करणारा पुढाऱ्याचा पीए, एवढेच वर्तुळ. मात्र ‘सूत्रांनी सांगितले’ दिसले की लगेच नाक मुरडू नका. नाव छापले तर नोकरी जाईल असा एखादा कारकून त्यामागे असू शकतो. बातमी फुटल्याने सांगणाऱ्याचे नुकसान होणार असेल तर बातमीला थोडे जास्त गुण द्या. फायदा होणार असेल तर पेन्सिलीला टोक काढा.

पायरी दुसरी. हिच्यावरच खरा भर आहे. दोन्ही पेपर शेजारी-शेजारी पसरा आणि मजकूर जुळतो का पाहा. ही युक्ती आमची नाही. 2009च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची थोरवी गाणारा एकच लेख तीन मोठ्या, एरवी एकमेकांच्या खपावर टपलेल्या मराठी दैनिकांत छापून आला. शब्दही तेच. चार-चार रंगीत पानांच्या पुरवण्या निघाल्या आणि ‘अशोकपर्व’ अवतरले. कुठेही ‘जाहिरात’ असे लिहिलेले नव्हते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे मांडले आणि सोबत चव्हाणांनी निवडणूक खर्चात दाखवलेला आकडाही दिला: वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर 5,379 रुपये. एवढ्यात रंगीत पान सोडाच, एखादी बऱ्यापैकी शुभेच्छा-जाहिरातही बसणे कठीण. पैसे देण्या-घेण्याचा आरोप संबंधितांनी नाकारला. त्यांचे म्हणणे खरे धरले, तर तीन संपादकांना एकाच आठवड्यात एकाच नेत्याबद्दल एकाच शब्दांत उमाळा आला, असे होते. संतवाङ्मयातही इतका एकसारखा साक्षात्कार आढळत नाही.

पुढचेही वाचून ठेवा, कारण अविश्वासाला चिकाटी लागते. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी नावानिशी सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने 2010मध्ये त्याचा आटोपशीर, नावे गाळलेला सारांश स्वीकारला आणि मूळ अहवाल बाजूला ठेवला. माहितीच्या अधिकाराचा रेटा आल्यावर 2011मध्ये तो बाहेर आला. चव्हाणांच्या खर्चाचे प्रकरण निवडणूक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि परत असे फिरले. 2014च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश रद्द केला. अशा विकत घेतलेल्या बातम्यांसाठी ‘पॅकेज’ हा शब्द मात्र तालुक्याच्या बातमीदारापर्यंत रुळला. त्याला दोष देण्याआधी त्याचे मानधन विचारा. पुष्कळ ठिकाणी त्याचे घर जाहिरातींच्या कमिशनवर चालते, आणि ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने आणायची, त्याच पुढाऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या रस्त्याची बातमीही त्यानेच द्यायची असते.

पायरी तिसरी. स्तंभलेखक. याला निकालाच्या आदल्या दिवशी काही ठाऊक नसते आणि दुसऱ्या दिवशी सगळे आधीपासून ठाऊक असते. उपाय सोपा आहे. त्याचे भाकीत कापून, तारीख घालून डब्यात ठेवा. 4 जून 2024च्या लोकसभा निकालाआधी ज्यांनी ज्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा वाटल्या होत्या, त्यांची कात्रणे काढून पाहावीत (मिळाल्या 293). त्यानंतरच्या रविवारी त्यांपैकी किती जणांनी ‘माझे चुकले’ लिहिले, ते शोधण्यासाठी पेन्सिलीची गरज पडणार नाही. ‘याचे उत्तर काळच देईल’ या वाक्याने संपणाऱ्या लेखाचे मानधन काळालाच द्यावे, असे आमचे मत आहे. दुसरी कसोटी: या गृहस्थाने आपल्या गोटाला कधी झोंबेल असे लिहिले आहे काय? एकदा जरी लिहिले असेल तरी तो लेखक जपा.

पायरी चौथी, टीव्ही: वर सांगितलेच, बंद असावा.

पायरी पाचवी. इथे बहुतेक उमेदवार नापास होतात. पेपरवर अविश्वास दाखवून झाल्यावर त्याच बोटाने मोबाइल उघडू नये. ‘मीडिया हे तुम्हाला दाखवणार नाही’ अशा मथळ्याचा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणाऱ्या काकांनी दोन हजारांच्या नोटेतली नॅनो चिप आठवावी. 2016च्या नोव्हेंबरात ती अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. काही हिंदी वाहिन्यांनी ती उचलून जमिनीखाली पुरलेली नोट उपग्रहाला कशी दिसते, हे ग्राफिक्ससकट समजावले. मग ‘टीव्हीवर दाखवलं ना’ या शिक्क्यानिशी ती पुन्हा काकांकडे आली. वाहिनीवर विश्वास नसलेल्या माणसाला वाहिनीने असे गाठले.

‘टिळक-आगरकरांच्या वेळी पत्रकारिता काय होती!’ असा सुस्काराही सोडू नये. 1882मध्ये त्या दोघांना शिक्षा झाली, ती कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेली पत्रे बनावट निघाली म्हणून. त्यांनी माफी मागितली, तरीही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. फसण्यात आजचे पत्रकार त्यांच्याहून वेगळे नाहीत. वेगळेपण दिसते ते चूक उघड झाल्यानंतर: पहिल्या पानावरची चूक आता आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, दोन ओळींत दुरुस्त होते.

एवढे सगळे करूनही संशय उरलाच, तर पंगतीत बोलू नका, संपादकाला पत्र लिहा: अमुक तारखेचा अमुक मजकूर जाहिरात होती काय? उत्तर न आल्यास दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते आणि त्याला शुल्क नाही. कौन्सिलला दंड करता येत नाही, ताशेरे ओढता येतात. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत. पत्राखाली आपले नाव आणि पत्ता लिहायला विसरू नका.