विनोद कुत्र्याचा, वाकायचं मालकाने

कॅमडेनच्या गॉवर स्ट्रीटवर १८३९मध्ये चार्ल्स डार्विनचा संसार सुरू झाला. थोरला मुलगा तिथेच जन्मला. बापाने त्याचं रडणं-हसणं वहीत टिपून ठेवलं. आदल्याच वर्षी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात, रखवालदाराने सफरचंद दाखवून दिलं नाही म्हणून लोळण घेणारी ओरांगउटान जेनी त्याने पाहिली होती. बापपणाची रंगीत तालीमच ती!

कुत्र्याला विनोदबुद्धी असते, हे त्याने पुढे चक्क छापलं. पुरावा? काठी समोर टाकून कुत्रा साळसूदपणे बसतो. मालक अगदी जवळ आला की तीच उचलून विजयी मुद्रेने धूम ठोकतो.

२०२२च्या ब्रिटिश कायद्याने तर खेकड्यालाही भावना बहाल केल्या. विनोदबुद्धीची अट घातली नाही हे बरं. कित्येक मालकच कायद्याबाहेर गेले असते.