घरगुती राजवाडे

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कऱ्हा, नीरा आणि भीमेच्या पाण्यावर जसा ऊस पोसला जातो, तसाच अलीकडच्या काळात मोबाईलच्या डेट्यावर पोसलेला एक विशिष्ट गृहस्थ तेथे आढळू लागला असून, अभ्यासाच्या सोयीसाठी त्याला 'घरगुती राजवाडे' असे नाव देणे उचित ठरेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. त्यासाठी ते गावोगाव पायपीट करीत आणि लोकांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरे, म्हणजे फडक्यात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, मिनतवाऱ्या करून सोडवून घेत. घरगुती राजवाडे पलंगावरून न उठता हे खंड एका रात्रीत मोबाईलवर उतरवून घेतो, आणि दोघांमधले साम्य येथेच संपते.

हा गृहस्थ दिवसा पतसंस्थेत किंवा ठिबक सिंचनाच्या दुकानात असतो. त्याचे खरे कार्य रात्री जेवणानंतर सुरू होते. शाळेत शिकवतात ती केवळ सनावळी, इतिहास हा घरीच आणि तोही विनामूल्य शिकवला पाहिजे, असा त्याचा सिद्धांत आहे. ('विनामूल्य' हा त्याचा शब्द, सौभाग्यवती त्याच अर्थी 'फुकट' म्हणते, आणि दोन्ही शब्दांच्या छटांतील अंतर हा त्या संसारातील एक जुना वाद आहे.) मुलाला चौथीचे 'शिवछत्रपती' हे पाठ्यपुस्तक शाळेने मोफत दिलेले असते आणि ते दप्तरात सुखरूप असते, तरीही तो बालभारतीच्या संकेतस्थळावरून तेच पुस्तक पुन्हा उतरवतो, कारण प्रत नेहमी मूळ ठिकाणाहून घ्यावी, हा संशोधनाचा पहिला नियम त्याने कुठेतरी वाचलेला असतो. पाठोपाठ मराठी विश्वकोश, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके आणि १८८५ सालच्या पुणे गॅझेटियरचे तिन्ही भाग येतात. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची डोंगर-नद्यांपासून बाजारपेठांपर्यंतची सरकारी नोंदवही. ती इंग्रजीत आहे ही बाब उतरवून झाल्यावर ध्यानात येते, पण तोवर मोबाईलची मेमरी भरलेली असते आणि जागा करण्यासाठी मुलाच्या बारशाची चित्रफीत पुसली गेलेली असते.

साधनांचे वर्गीकरण त्याला मुखोद्गत आहे. घटनेच्या काळातच लिहिलेले पत्र किंवा हुकूम हे अस्सल साधन. घटनेनंतर, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून आणि ऐकीव माहितीची भर घालून लिहिलेला गद्य वृत्तांत ती बखर. आणि कर्ता, काळ व हेतू ही तिन्ही अज्ञात असूनही शेवटी 'दहा जणांना पाठवा' अशी फलश्रुती जोडलेला मजकूर म्हणजे फॉरवर्ड. तिसऱ्या वर्गाचा तो जाहीर निषेध करतो. त्याच्या संग्रहात मोठा भाग त्याच वर्गाचा असतो, हा तपशील अलाहिदा. उलट, दिवाळीत मुले अंगणातल्या काळ्या मातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरतात तेव्हा तो त्या उद्योगाकडे कौतुकाने पाहतो खरा, पण त्याची साधनांत गणना करीत नाही. माती डाउनलोड करता येत नाही.

रविवारी सहल असते. इंदापुरात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी आहे, आणि ते इंदापूरच्या लढाईत पडले अशी परंपरा आहे; परंतु त्यांच्या मृत्यूचे साल एका पुस्तकात १६०६ च्या सुमाराचे तर दुसऱ्यात १६२० च्या सुमाराचे दिलेले असल्याने, गढीपाशी उभा राहून हा गृहस्थ दोन्ही पीडीएफ आलटून पालटून उघडतो, रेंज जाते, ऊन चढते, आणि तेवढ्या वेळात मुलाने समोरच्या शेळ्या मोजून त्यांतल्या दोघींना नावेही दिलेली असतात. पळसदेवची सहल याहून अवघड. तेथील जुने मंदिर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले असून पाणी उतरलेल्या उन्हाळ्यातच उघडे पडते. गावे हलली ती कोणासाठी आणि धरणाचे पाणी कोणत्या उसाला गेले, असे मुलीने विचारले की बापाजवळ त्यावर पीडीएफ नसते, म्हणून तो भिगवणचे रोहित पक्षी दाखवतो.

घरातील ज्येष्ठ साधनाचा मात्र त्याने कधी विचार केलेला नसतो. श्रीधरस्वामींनी 'शिवलीलामृत' शके १६४० मध्ये, म्हणजे इ.स. १७१८-१९ मध्ये, बारामतीत पूर्ण केले, हा शोध त्याला मध्यरात्री लागतो आणि पहाटे तो आईला उठवून सांगतो. तिने तीस वर्षे ती पोथी वाचलेली असते. बारामतीचा उल्लेख चौदाव्या अध्यायाच्या शेवटी कवीनेच केलेला आहे, एवढे सांगून ती कूस बदलते.

मुलांना इतिहास मिळतो तो बापाच्या वर्गीकरणातून निसटलेला. सुप्याचा कारभार पाहणारे संभाजी मोहिते हे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. महाराज शिमग्याचे पोस्त, म्हणजे सणाची बक्षिशी, मागण्याच्या निमित्ताने त्यांच्या भेटीस गेले आणि त्यांना कैद केले, असे सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर वाचून दाखवताना बापाचा कल तिच्या विश्वसनीयतेच्या चर्चेकडे होता. मुलाने तेवढा भाग सोडून दिला, शिमग्याला घरी आलेल्या मामाकडे रीतसर पोस्त मागितले आणि त्याला न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली. या प्रकरणाचे अस्सल कागद उपलब्ध नाहीत, परंतु मामा पुढे दोन सण आला नाही.

मोरोपंतांचे प्रकरण याहून मोलाचे. पन्हाळ्यास १७२९ मध्ये जन्मलेले हे कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या नावावर असलेल्या अष्टोत्तरशत रामायणांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे, म्हणजे ज्यांच्या उच्चारासाठी ओठाला ओठ लावावा लागतो ती प, फ, ब, भ, म ही व्यंजने त्यात वर्ज्य आहेत. मुलीने याचा खेळ केला: ओठ जुळला की बाद. बाप नियम समजावून देण्यासाठी 'आपण' म्हणाला आणि तेथेच बाद झाला. दुसऱ्या डावात 'बारामती'ने, तिसऱ्यात खुद्द 'मोरोपंत' या नावाने आणि चौथ्यात 'पीडीएफ'ने त्याचा घात केला. त्याचा लाडका 'विनामूल्य' आणि पत्नीचा 'फुकट' हे दोन्ही शब्द एकाच अपराधाखाली रद्द झाले, आणि त्या जुन्या वादाचा निकाल अशा रीतीने अनपेक्षितपणे लागला. 'आई', 'आज्जी', 'ऊस' आणि 'इतिहास' हे शब्द मात्र बिनतक्रार चालत होते. अडचण एकच उरली, की बापाला हाक मारायची कशी, कारण 'पप्पा'ही चालेना आणि 'बाबा'ही चालेना. अखेर मुलीने आईच्या सुरात 'अहो' अशी हाक दिली, तेव्हा राजवाड्यांनी सवयीने खुंटीवरची पिशवी काढत 'काय आणायचंय?' असे विचारले, आणि ते त्यांचे त्या संध्याकाळचे पहिले निरोष्ठ वाक्य ठरले.