पाव आटा

यवतमाळच्या दारव्हा रोडवरच्या टिनाच्या शेडमधल्या या माणसाला नाव विचारलं, की तो आधी गप्प होतो. मग एकदम उसळतो आणि नाव, गाव, पहिला उस्ताद, उस्तादाने फेकून मारलेला पाना, सगळं एका दमात सांगतो. तोवर आपण नाव का विचारलं होतं हे विसरलेलो असतो. गावात त्याला ‘पाव आटा’ म्हणतात. आटा म्हणजे स्क्रूचा एक पूर्ण फेरा. एक आटा, अर्धा आटा फिरवणारे मिस्त्री कुठेही सापडतील. हा पावाच्या वर जात नाही, आणि पावावर थांबतही नाही.

असा एकेक जण प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. जगातलं कुठलंही यंत्र नीट चाललेलं आहे यावर त्याचा विश्वास नसतो. लग्नाच्या पंगतीत वरण वाढलं जात असताना हा मांडवामागच्या जनरेटरचा आवाज ऐकून पानावरून उठतो. एकदा स्मशानाच्या वाटेवर, खांदा द्यायची पाळी आलेली असताना, शववाहिकेकडे कान करून म्हणाला, “टायमिंग पुढं हाये हिचं.” मयताच्या थोरल्या मुलाने वळून पाहिलं. तर त्यालाच म्हणाला, “दहावं झालं की घेऊन या.”

फक्त शकुंतलेबद्दल त्याला ममत्व नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची ती गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. आमच्यासारखे तिच्या आठवणीने हळवे होतात. हा म्हणतो, “वाफ बॉयलरात भरूनच ठेवलेली. दांडा ओढला की चालली. त्यात माणसानं करावं काय?”

माझी जुनी मारुती ८०० त्याच्याकडे नेली ती एका तक्रारीपायी. हळू चालवली तर शहाण्यासारखी चालायची. दत्त चौकात सिग्नल सुटला आणि पाय दाबला की खोकून बसायची. मागचे लोक हॉर्नवर बसायचे. पाव आट्याने डोळे मिटून आवाज ऐकला, इंजिन बंद केलं, एअर फिल्टर काढला आणि कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारून मला वाकायला लावलं. मग हाताने रेस ओढली. “पिचकारी दिसते का, सर?” नव्हती. नुसता एक थेंब, तोही ओशाळलेला.

“हवा म्हंजे पोट्टे अन् पेट्रोल म्हंजे म्हातारे,” त्याने सुरू केलं. “पंगत बसली म्हटलं की पोट्टे पहिले धावतात. म्हातारे भिंत धरत धरत येतात. तवर पान वाढलं, खायाले कोनी नाई! म्हून दोन म्हाताऱ्यांले अगोदरच उचलून नेऊन बसवा लागते. ते काम ह्या पंपाचं.”

इतक्या वर्षांत मला कुणी ॲक्सिलरेटर पंप इतका स्वच्छ समजावला नव्हता. भिंत धरून येण्याची गोष्टही खरी आहे. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतं, पेट्रोल चटकन उडतं. थ्रॉटल उघडला की दाब वाढतो, उडणं मंदावतं आणि पेट्रोल नळीच्या भिंतींना चिकटून राहतं. नेमकं तेव्हाच इंजिनला ते जास्त हवं असतं. माझ्या पंपाचा डायफ्राम कडक होऊन चिरला होता. नवा अर्ध्या तासात बसला, गाडी उडू लागली. मी पाकीट काढलं आणि तिथेच चुकलो. तो म्हणाला, “थांबा सर. आता एवढा पाव आटा पाहून घेऊ.”

त्याला खरा धक्का बसला १ एप्रिल २०२० ला. त्या तारखेपासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला. लॉकडाऊन चालूच होतं, त्यामुळे सुतक पाळायची वेगळी सुट्टी घ्यावी लागली नाही.

आणि मग परवा गोव्याहून त्याच्या भाच्याचा फोन आला. भाचा तिकडे बोटींची इंजिनं लॅपटॉपवर ट्यून करतो. मामाने समुद्र पाहिलेला नाही. यवतमाळपासून तो कोणत्याही बाजूने पाचशे किलोमीटरच्या आत नाही. आमच्याकडे बोटीची आठवण होते ती पुरात. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं, तेव्हा तर हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. पण मामाने फोन स्पीकरवर टाकला आणि शेडमधल्या सगळ्यांना हाताने गप्प केलं.

भाच्याला अडलेली बोट सुपरचार्जरवाली होती. टर्बो धुराच्या जोराची वाट पाहतो. सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि लगेच हवा कोंबतो. म्हणजे पोट्ट्यांची झुंडच. त्यात बोटीला पहिला-दुसरा गिअर नसतो. नाक वर काढून ती पाण्यावर चढेपर्यंत सगळा भार पंख्यावर, म्हणजे इंजिनवर. भाचा सांगत होता, “मामा, दाबली की बसते. थ्रॉटल झटक्यात उघडलं की किती टक्के पेट्रोल जास्त द्यायचं तो आकडा मी वीस केला, चाळीस केला, साठ केला. जास्तच बसते.”

“धूर कोन्ता?”

“काळा.”

“खोकते का नुसती जड होते?”

“जड होते.”

“अबे, मंग ती उपाशी नाई, तिले ढेकर येऊन राह्यला! उपाशी असती तर खोकली असती, मागं फटाका फोडला असता. पहिले एका रेसवर धरून सरळ चालते का ते पाय. ते जमलं की मंग पिचकारी. अन् तीबी कमी कर. पाव आटा.”

“मामा, इथे स्क्रू नाही. टक्के आहेत.”

“पाव आट्याचे टक्के किती होते ते तू काढ. इंजिनिअर तू हायेस.”

दहा मिनिटांनी फोनमधून एक आवाज आला, लांबलचक, न अडखळता चढत गेलेला. शेडमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाव आटा मात्र डोळे मिटून बसला होता. “बरी हाये,” तो म्हणाला. “अजून थोडं...”

भाच्याने फोन ठेवला. तो शहाणा आहे, आणि गोव्यात आहे. मी यवतमाळात आहे आणि माझी गाडी आज सतराव्या दिवशीही शेडबाहेर उभी आहे. तुमच्यापैकी कुणी दारव्हा रोडने जाणार असेल, तर तिचं बोनेट तेवढं लावून घ्या. आभाळ भरून आलंय.